सळईशिवायचा मणी : तेर ते लातूर

गेल्या दिवाळीपासून मी घरी गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काचेचे मणी करते. सगळे शिकतात तीच रीत: स्टीलच्या सळईला मातीचा पातळ लेप द्यायचा, वाळवायचा, त्यावर वितळलेली काच गुंडाळायची आणि मणी गार झाल्यावर सळईवरून ओढून काढायचा. लेप भोकात तसाच राहतो. कितीही घासला तरी पारदर्शक मण्याच्या पोटात पांढरी रेघ दिसते, आणि आत पूड साचली की दोरा अडतो. लेप एखाद्या जागी उडाला तर मणी सळईला असा चिकटतो की फोडावाच लागतो. असे किती फोडले असतील! तेव्हापासून डोक्यात एकच विषय: सळई नसेल तर भोक धरायचं कशानं?

त्याच विचारात मार्चमध्ये संभाजीनगरहून धाराशिवची एसटी धरली आणि तिथून तेरला गेले. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय आहे. त्यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. मी मण्यांच्या कपाटापुढून हललेच नाही. शंखाचे, मातीचे, रंगीत दगडांचे मणी, आणि काचेचे. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही बारीक.

एवढ्या बारीक मण्यासाठी एकेक सळई कोण लावणार? दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये बारीक काचमणी नळीतून करायची फार जुनी रीत होती. भट्टीतल्या काचेच्या गोळ्यात लोखंडी नळीनं पोकळी करायची आणि ती पोकळी तशीच ठेवत काचेची लांबच लांब नळी ओढायची. नळी गार झाली की तिचे तुकडे पाडायचे, राखेत घोळवायचे आणि पुन्हा तापवायचे. कडा गोल होतात आणि भोकात राख भरलेली असल्यामुळे ते मिटत नाही. आंध्रातल्या पापानायडूपेट गावात ही कला विसाव्या शतकातही चालू होती. आपल्या मंगळसूत्रातले बारीक काळे मणीही याच जातीचे, नळी कापून केलेले.

ओढलेला मणी ओळखायची खूण सोपी आहे. भिंगातून पाहिलं की त्यातले बुडबुडे भोकाच्या दिशेनं लांबट ताणलेले दिसतात. सळईवर गुंडाळलेल्या मण्यात तेच भोकाभोवती फेर धरतात. कपाटाच्या काचेआडून मला काही एवढं दिसलं नाही. तरी तासभर नाक लावून उभी होते.

बाहेर चहा घेताना टपरीवरच्या आजी म्हणाल्या, “पाऊस पडून गेला की पांढरीत मणी सापडायचे बगा. लेकरं दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची.” पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट माती. मग तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या देवळात जाऊन आले आणि उन्हं कलायच्या आत लातूरची गाडी पकडली.

लातूरला एक काका आहेत. प्रयोगशाळांची काचेची उपकरणं करण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मुक्काम त्यांच्याकडेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला डिडिमियमचा चष्मा दिला. काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळी भगभगते, ती भगभग हा चष्मा गाळतो आणि वितळणारी काच नीट दिसते. त्यांनी बोरोसिलिकेटची बोटाएवढी जाड नळी उचलली. ही काच तापल्यावर साध्या सोडा काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून आचेला धीरानं सोसते.

नळी दोन्ही हातांनी सारख्या वेगानं फिरवत त्यांनी मधोमध तापवली, आचेबाहेर काढली आणि ओढली. मधल्या काचेची बारीक दांडी झाली, पण आतून पोकळच. तीन सेंटिमीटर सोडून पलीकडे तशीच दुसरी. आता मधे जाड पोट आणि दोन्हीकडे धरायला दांड्या. एका दांडीचं टोक वितळवून बंद केलं आणि पोट पुन्हा तापवलं. काच आकसून जाड झाली, भोक मिटू लागलं. तेवढ्यात आचेबाहेर घेऊन त्यांनी उघड्या टोकातून हलकी फुंकर घातली. पोट गोल फुगलं. भोक त्यांच्या श्वासानं धरलं होतं.

दांड्या चाकूनं ओरखडून मोडल्या, कडा ज्योतीत फिरवून गुळगुळीत केल्या. मणी तयार! आत ना लेप, ना पूड.

भरीव मण्याची रीत वेगळी. कांडीच्या टोकाला काचेचा गोळा जमवायचा, चपटा दाबायचा आणि टंगस्टनची सुई आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं टोचून आरपार करायची. “सुई लाल झाली की थांबा ताई, नाहीतर काच तिला सोडणार नाही,” काकांनी बजावलं. माझ्या हातून भोक तिरकं झालं. या रीतीनं लोलक चांगले होतील, सुबक गोल मणी होणं अवघड, असं माझं मत झालं.

फुगवायच्या मण्यात माझे दोन्ही हात एका वेगानं फिरेनात. पहिली नळी दोरीसारखी पिळली गेली. दुसऱ्या वेळी मी आचेतच फुंकलं आणि काच पापुद्र्यासारखी फुगून फुटली. तिसरा मणी जरा लांबट झाला, पण झाला.

काकांनी ज्योतीचा ऑक्सिजन कमी केला आणि मणी काजळी धरेपर्यंत पिवळ्या ज्योतीत फिरवला. सावकाश गार करत काचेतला ताण घालवायचा, याला शमवणं म्हणतात. खरं शमवणं भट्टीत, या काचेला साधारण 565 अंश सेल्सिअसवर. हा घरगुती उपाय. गार झाल्यावर त्यांनी तो दोन पोलरायझर काचांमध्ये, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या काचांमध्ये, धरला. आतला ताण तिथे उजळ पट्ट्यांनी दिसतो. एका टोकाशी पट्टी होती. “गोरोबाकाका थापटणं मारून कच्चं मडकं ओळखायचे. काचेला थापटणं चालत नाही, उजेडात बघावं लागतं,” असं म्हणत त्यांनी तो पुन्हा ज्योतीत धरला. दुसऱ्यांदा पट्टी जवळजवळ गेली होती.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी रुमालातून मणी काढला आणि पर्समधला काळा दोरा त्यात सोडला. सुई न लावता तो सरळ पलीकडे आला.