मंगळवार पेठ, पण कुठली?

एप्रिलची दुपार. सोलापुरात या वेळी माणूस बाहेर पडत नाही, भांडतही नाही. मी मात्र एका ४०४ शी, म्हणजे वेब सर्व्हरच्या ‘सापडत नाही’ या उत्तराशी, भांडत बसलो होतो. विनंती झेलणारा कंट्रोलर जागेवर, त्यातली मेथड जागेवर, तिच्या डोक्यावर तिचा वेबपत्ता सांगणारं राउट ॲट्रिब्यूट लिहिलेलं. आणि उत्तर काय, तर असा पत्ताच नाही.

नेहमीचे संशयित धरून आणले. ॲट्रिब्यूट राउट्स मॅप करणारी ओळ कॉन्फिगमध्ये आहे? आहे. जुन्या साच्याच्या राउटच्या वर? वरच. आयडीला इंटची, म्हणजे फक्त पूर्णांकाची, अट घातलीय, तिथे अक्षरं जात नाहीत ना? नाहीत. उगाच दोनदा बिल्ड केलं, पंखा एकने वाढवला.

शेवटी फाइलीच्या अगदी माथ्यावर नजर गेली. तिथे एमव्हीसीचं नेमस्पेस (नावाचं आडनावच म्हणा) ठाण मांडून बसलेलं, आणि माझं काम तर वेब एपीआयचं. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्याच, पण वेगळ्या वेब-चौकटी. राउट नावाचं ॲट्रिब्यूट एमव्हीसी ५ मध्येही आहे आणि वेब एपीआय २ मध्येही. हिज्जे तेच. कोड तपासणारा कंपायलर हूं की चूं करत नाही. वेब एपीआय मात्र त्या परक्या राउटकडे ढुंकूनही बघत नाही. नेमस्पेसमध्ये एमव्हीसीच्या जागी एचटीटीपी केलं. २०० आलं, म्हणजे सगळं ठीक. दीड तास गेला तो गेलाच.

आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. सोलापूरच्या, हे सांगावं लागतं. पुण्याच्या काकांनी एकदा आजीला आंतर्देशीय टाकलं, ‘गड्ड्याच्या जत्रेला येतोय, स्टेशनावर कुणाला तरी पाठव.’ पत्त्यात सवयीने हात ‘मंगळवार पेठ, पुणे’ लिहून गेला, आणि पिनकोडचे सहाही चौकोन कोरे. ४११ की ४१३, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. स्टेशनावर कोणी नाही म्हणून काका ट्रंक घेऊन टांग्याने, धुमसत आले.

पत्र चार दिवसांनी आलं. पत्त्यात ‘चादरीच्या कारखान्यामागे’ असं होतं. त्यावरूनच पुण्याच्या टपालातल्या कुणीतरी ‘पुणे’ खोडून तांबड्या शाईत ‘सोलापूर?’ लिहिलं असणार. प्रश्नचिन्हासकट. असं प्रश्नचिन्ह मला आजवर कुठल्या कंपायलरने दिलं नाही.

काका अजून घरातच होते, कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन बसलेले. आजीने तरी मला ते पत्र ‘तीर्थरूप आईस’पासून मोठ्याने वाचायला लावलं. सगळं नीट ऐकून घेतलं. मग काकांकडे वळून म्हणाली, “बरं, मग कधी येतोस?”