टोपी सैल होत नाही: सेफ्टी शूज घेताना

कुठल्याही एमआयडीसीत शिफ्ट सुटताना गेटवर पाय बघत उभे राहा. टाच मुडपून चपलेसारखे घातलेले, लेस न बांधलेले, नाहीतर पुढून ब्लेडने चिरलेले सेफ्टी शूज हमखास दिसतात. सेफ्टी ऑफिसर त्याला बेशिस्त म्हणतो. पण बहुतेक वेळा तो बूट त्या पायाचा नसतो. स्टोअरवाल्याने "आठ नंबर संपलाय, नऊ घे" म्हणून दिलेला असतो, किंवा नंबर बरोबर असूनही पंजात अरुंद असतो. आठ तास चावणारा बूट कोणीही धड घालत नाही.

साध्या चामडी बुटात आणि सेफ्टी शूजमध्ये एक मोठा फरक आहे. चामडे महिनाभरात पायाचा आकार घेते, बोटांवरची कडक टोपी कधीच घेत नाही. स्टीलची असो वा कॉम्पोझिटची (फायबर-प्लास्टिकची), ती पहिल्या दिवशी करंगळीला लागत असेल तर सहा महिन्यांनीही लागणार. "वापरून सैल होतील" हे दुकानदाराचे वाक्य टोपीच्या मागच्या भागापुरते खरे आहे, टोपीपुरते नाही. त्यामुळे निवड टोपीपासून सुरू करायची आणि बाकीचे नंतर बघायचे.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असताना, आणि कामावर घालता तेच मोजे घालून. कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ काढा. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, मोठा पाय धरा. लांबीइतकीच चवड्याची रुंदी महत्त्वाची. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेले पाऊल पुढे पसरट असते आणि बरेच साचे त्याचा विचार करत नाहीत. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश मापाचे आहेत. एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि अर्धे नंबर सेफ्टी शूजमध्ये फारसे मिळत नाहीत.

साधा बूट घेताना अंगठ्याने पुढे दाबून बघतो, तसे इथे टोपीमुळे कळत नाही. त्याऐवजी लेस मोकळी ठेवून पाय टोपीला टेकेपर्यंत पुढे सरकवा आणि टाचेमागे बोट घाला. एक बोट जेमतेम गेले तर लांबी बरोबर. दोन बोटे गेली तर बूट मोठा. मग लेस बांधा, टाच मागे बसवा आणि सगळी बोटे आत हलतात का ते बघा. करंगळीची बाहेरची कड आणि अंगठ्याचे नख, या दोन जागी काही टेकता कामा नये.

यानंतर दुकानातच उकिडवे बसा. फिटर, वेल्डर, फरशीवाले यांचे अर्धे काम उकिडव्यानेच चालते, तरी बूट घेताना ही परीक्षा कोणी घेत नाही. उकिडवे बसल्यावर बूट चवड्यात मुडपतो आणि टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला येते. ती बोटांच्या सांध्यावर रुतत असेल, तर आठवडाभरात तिथे फोड आणि काही महिन्यांत कुरूप ठरलेले. चांगल्या बुटात त्या कडेवर आतून फोमची किंवा चामड्याची पट्टी असते. हात घालून चाचपा, कड उघडी लागली तर बूट परत ठेवा.

पंजात अरुंद लागतोय म्हणून एक नंबर मोठा घेणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक. बूट लांब झाला की त्याची मुडपायची जागा पावलाच्या मुडपायच्या जागेपुढे जाते. घडी चवड्याऐवजी बोटांवर पडते, टाच दर पावलाला वर उचलली जाते आणि तिथे फोड येतो. शिवाय बोटे टोपीच्या पुढच्या टोकापासून मागे राहतात, म्हणजे टोपीखाली कमी येतात. रुंद पायाला रुंद साचा लागतो. "राउंड टो" किंवा "वाइड फिटिंग" असे विचारून मागा, दुसऱ्या कंपनीचा तोच नंबर घालून बघा. बायकांच्या बाबतीत उलटे होते. पुरुषांच्या साच्यातला चार-पाच नंबर पंजात बसला तरी टाचेत ढिला पडतो. त्यांच्यासाठी वेगळा साचा मिळतो, पण खरेदीच्या ऑर्डरमध्ये तसे लिहावे लागते.

टोपी किती सोसते? भारतीय मानक आयएस १५२९८ मधला भाग २ हा सेफ्टी शूजचा. त्यात टोपीवर २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब देऊन तपासतात. २०० ज्यूल म्हणजे २० किलोचा ठोकळा जेमतेम एक मीटरवरून पडावा इतका, आणि १५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे दीड टनाचा भार. आघातानंतरही टोपीखाली ठरावीक मोकळी जागा उरावी लागते. ४१-४२ या युरोपीय नंबरात, म्हणजे आपल्या साधारण सात-आठमध्ये, ती १४ मिलिमीटर आहे. याच मानकाचा भाग ३ अर्ध्या आघाताचा, १०० ज्यूलचा. भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही. दुकानात तिन्हींना "सेफ्टी" म्हणूनच विकतात, म्हणून आयएसआय खुणेजवळचा भाग क्रमांक वाचायचा. तिथेच सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते लगेच दिसते. आखातात जाणाऱ्यांना अमेरिकी खूण भेटेल, आय/७५ सी/७५ अशी. त्यातला आय पुढचा ७५ हा आघाताचा आकडा फूट-पाउंडात आहे, ज्यूलमध्ये सुमारे १०२. चाचणीची पद्धतही वेगळी, त्यामुळे दोन्ही आकडे थेट तोलू नका. साइटवर कोणते मानक मागितले आहे ते आधी विचारून घ्या.

"स्टीलची टोपी दबली की बोटे कापते" ही समजूत शॉप फ्लोअरवर पिढ्यानपिढ्या चालत आलीये. जो भार २०० ज्यूलची टोपी चेपवतो, तो उघड्या बोटांचे काय करेल याचा विचार केला की पुरे.

स्टील की कॉम्पोझिट? स्टीलची टोपी पातळ असते, त्यामुळे तितक्याच जागेसाठी बूट बाहेरून कमी बोजड दिसतो, आणि मार बसला की पोचा डोळ्यांना दिसतो. कॉम्पोझिट हलकी, उष्णता आत न नेणारी, मेटल डिटेक्टरला न वाजणारी. पण जाड असते, आणि मोठा मार बसल्यावर आत तडा गेला तरी वरून कळत नाही. दिवसभर चालणाऱ्या गोदामातल्या माणसाला कॉम्पोझिट द्यावी. फॅब्रिकेशन शॉपमध्ये जिथे प्लेटी आणि अँगल हाताळतात, तिथे माझे मत स्टीलच्या बाजूने आहे. दोन्ही प्रकारांत एकदा जोराचा मार बसला की जोडी बाद.

आता तळ. थकवा, कंबरदुखी, टाचदुखी यांचा बराचसा हिशेब इथे लागतो. काँक्रीटवर आठ तास उभे राहणाऱ्याला डबल डेन्सिटी पीयू (पॉलियुरेथेन) सोल सोयीचा. आतला थर मऊ, बाहेरचा घट्ट आणि झिजायला चिवट. सिंगल डेन्सिटी स्वस्त पडतो, पण एकाच थराकडून मऊपणा आणि टिकाऊपणा दोन्ही मागतो, आणि टाच लवकर बसते. पीव्हीसीचा सोल सगळ्यात स्वस्त. कडक, जड आणि तेलकट फरशीवर बेभरवशाचा. शक्य असेल तर टाळाच.

पीयूचे दोन शत्रू. पहिला उष्णता. गरम स्लॅग, तापलेली प्लेट, फोर्जिंगची फरशी यांवर पीयू वितळतो, तिथे नायट्राइल रबराचा सोल हवा. बुटावर एचआरओ अशी खूण बघा. तिचा अर्थ ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर ६० सेकंद टिकतो, एवढाच. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ओतकामाला जे बीड (ओतीव लोखंड) ओततात ते तेराशे अंशांच्या वर असते. त्याच्या शिंतोड्याशी एचआरओचा संबंध नाही. ओतणाऱ्याचा बूट घोट्याच्या वरपर्यंतचा, शक्यतो बिनलेसचा आणि झटकन काढता येणारा हवा, वर चामड्याचे गेटर (नडगी-पोटरी झाकणारे आवरण) आणि त्यावरून खाली सोडलेली पँट. पँट बुटात खोचली की बुटाचे तोंड म्हणजे नरसाळेच. नायलॉनची लेस आणि उघडी जीभ वेल्डिंगलाही नको. ठिणगी जिभेच्या घडीत बसते आणि कळेपर्यंत मोजा जळालेला असतो.

दुसरा शत्रू दमट हवा. पॉलिस्टर जातीचा पीयू ओलाव्याने आतून विरघळत जातो, बूट न वापरताही. कोकणातल्या गोदामात तीन-चार पावसाळे काढलेली कोरी जोडी पहिल्याच आठवड्यात तळातून भुगा होऊन गळते ती यामुळे. गोंदाचा त्यात दोष नसतो. बुटावर उत्पादनाचे वर्ष आणि महिना किंवा तिमाही छापलेली असते. ती वाचा, आणि "स्टॉक क्लिअरन्स"च्या मोहात पडू नका.

तळाच्या आतली खिळेरोधक प्लेट सगळ्यांना लागत नाही. सेंटरिंगच्या फळ्या, खिळे, पत्र्याचे तुकडे पडलेल्या बांधकामावर ती हवीच. बुटावर एस ने सुरू होणारी वर्गाची खूण असते. एस-१पी आणि एस-३ मध्ये ही प्लेट असते, एस-१ आणि एस-२ मध्ये नसते. १,१०० न्यूटनच्या जोराने खिळा दाबून ती तपासतात. स्टीलची प्लेट बारीक खिळ्यालाही अडवते, पण ताठ असते आणि कडेपर्यंत पोचत नाही. कापडी प्लेट तळभर पसरते, चालताना वाकते, मात्र अगदी बारीक टोकाला थोडी कमी पडते. उकिडवे बसणाऱ्याला कापडी, सेंटरिंग तोडणाऱ्याला स्टील.

एस-१ पासून पुढच्या बुटांना अँटिस्टॅटिक म्हणतात. अंगावरचा स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत जावा म्हणून त्यांचा तळ थोडी वीज वाहू देतो. पेंट शॉपमध्ये, सॉल्व्हंटजवळ हे हवे असते. इलेक्ट्रिशियनला नेमके हेच नको, त्याच्यासाठी विद्युतरोधक बूट वेगळे असतात. या दोन शब्दांची गल्लत खरेदी विभागात फार होते आणि ती जिवावर बेतू शकते. महाड किंवा लोट्याच्या रासायनिक कारखान्यात आम्ल-अल्कलीचे काम असेल तर चामड्याचा नादच सोडा. टोपी असलेले गमबूट मिळतात, खूण एस-४ किंवा एस-५.

वरच्या चामड्याची परीक्षा सोपी. कापलेली कड बघा. खऱ्या ग्रेन (कातडीच्या वरच्या थराच्या) चामड्यात कडेपर्यंत दाट तंतू दिसतात. स्प्लिट (खालच्या थराच्या) चामड्यावर प्लास्टिकसारखा थर चढवलेला असेल तर तो वेगळा दिसतो. असा बूट दुकानात जास्त चमकतो, घाम बाहेर कमी जाऊ देतो आणि चवड्याच्या घडीवर तीन-चार महिन्यांत फाटतो.

आतला इनसोल बदलायचा मोह सगळ्यांना होतो. जाड जेलचा इनसोल टाकला की पाय वर उचलला जातो आणि बोटे टोपीला टेकतात, म्हणजे ती १४ मिलिमीटरची जागाच तुम्ही भरून टाकली. अँटिस्टॅटिक बुटात साधा फोमचा इनसोल टाकला तर विजेची वाटही बंद होते. बदलायचाच तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या. मूळ इनसोल सहा महिन्यांत चपटा होतो. तेवढा बदलला तरी जुनी जोडी बरीच सुसह्य होते.

नवी जोडी पहिले तीन-चार दिवस दोन-दोन तासच घाला, जुनी सोबत ठेवा. टाच उचलली जात असेल तर वरच्या दोन भोकांत लेसचा फास करून घोटा मागे ओढून बांधा. निव्वळ नायलॉनचे मोजे नकोत. सुती मोजे घाम पितात पण धरून ठेवतात, म्हणून मिश्र धाग्याचे, तळाला टेरी (टॉवेलसारखी वीण) असलेले चांगले. पावसाळ्यात शिफ्टच्या मध्ये मोजे बदला आणि बोटांच्या बेचक्या पुसा, नाहीतर चिखल्या ठरलेल्या. परवडत असेल तर दोन जोड्या आलटूनपालटून वापरा. घामाने भिजलेले चामडे एका रात्रीत पुरते सुकत नाही. ओले बूट भट्टीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर चामडे तडकते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. खोबरेल तेल चोपडण्याची घरगुती रीत आहे, पण जास्त तेलाने चामडे लुळे पडते आणि धूळ धरते. मेणाचे पॉलिश बरे.

मधुमेह असलेल्यांनी बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवावा. तळव्याची संवेदना कमी असेल तर खडा किंवा लेथची धारदार चिप टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते.

तळाची नक्षी चवड्याखाली सपाट झाली, चामडे झिजून टोपी उघडी पडली, प्लेट दिसू लागली किंवा सोल कडेने सुटला, की जोडी संपली. सुटलेला सोल खिळे मारून बसवून घेऊ नका. तो खिळा आतून तळव्यातही येतो.