तोपकापीचे कारंजे आणि सादाबादचा पाट

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील पाण्याविषयी लिहायचे, तर माझ्या मते सुरुवात बागेतून नव्हे, अंतःपुरातून करावी. ऑटोमन सुलतान तिसरा मुराद याच्यासाठी १५७८ साली मिमार सिनान या वास्तुकाराने बांधलेल्या दालनात भिंतीलगत संगमरवरी कारंजे आहे. त्याच्या टप्प्याटप्प्यांवरून पाणी खळखळत असताना आत चाललेली मसलत बाहेरच्या कानांपर्यंत पोहोचू नये, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. (दरबारी राजकारण पाहता ही खबरदारी मुळीच अनाठायी नव्हती.)

चौथ्या चौकातील संगमरवरी गच्चीवर, बगदाद आणि रेवान या दोन महालांच्या सोबतीला, कारंज्याचा हौद आहे आणि तिथल्याच कठड्यापाशी सुलतान इब्राहिमने १६४० साली उभारलेल्या सोनेरी छताच्या मेघडंबरीत रमजानचा उपवास सोडला जाई.

इस्तंबूलमध्येच १८५६ साली पूर्ण झालेल्या ‘दोल्माबाहचे’ या राजवाड्यातील हंसांचे कारंजे युरोपीय थाटाचे असून ते मला फारसे भावत नाही. त्यापेक्षा सुलतान तिसऱ्या अहमदच्या काळी, १७२२ साली, शहरातल्या कागितहाने ओढ्याकाठी वसवलेले सादाबाद हे विलासाचे बाग-महाल अधिक धाडसी होते, कारण तिथे बागेत पाणी आणण्याऐवजी ओढ्याचाच प्रवाह सरळ करून त्याला संगमरवरी काठ बांधले गेले आणि त्या पाटालगत सरदारांनी आपापले मंडप उभारले. १७३० च्या उठावात अहमदला सिंहासन सोडावे लागले आणि या विलासावर रागावलेल्या जमावाने त्यांतील बरेच मंडप उद्ध्वस्त केले.