साइडटोनचे तीन आठवडे

रविवार, रात्री साडेअकरा

आज अखेर साइडटोन हवा तेवढाच ऐकू येतोय. तीन आठवडे गेले त्यात, पण आत्ता कानाला इतकं बरं वाटतंय की झोपायच्या आधी लिहूनच टाकते, नाहीतर कुठे काय जोडलं ते महिन्याभराने मलाच आठवणार नाही.

साइडटोन म्हणजे हॅम रेडिओवर मोर्स पाठवताना आपली की, म्हणजे ठोके द्यायचं बटण, आपल्यालाच ऐकू यावी म्हणून सेटच्या आतच तयार होणारा सूर, तो हवेत जात नाही. माझ्या ४० मीटर बँडच्या सेटमध्ये तो आर्डुइनो नॅनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड काढतो, ७०० हर्ट्झचा, आणि ३८६ या आवाज वाढवणाऱ्या आयसीमधून इयरफोनला जातो. सेट बांधला तेव्हा पहिल्यांदा की दाबली आणि इयरफोन कानातून उपसून टेबलावर टाकला, तर टेबलावर पडल्या पडल्या तो पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता. आई उठून बघायला आली की गॅसवर काही वाजतंय का.

नुसता मोठा आवाज असता तर चाललं असतं एक वेळ. खरा त्रास वेगळाच होता. मी ७०३० किलोहर्ट्झच्या आसपास सीक्यू देते, म्हणजे कुणी आहे का अशी हाक, की सोडली की अर्ध्या सेकंदात रिले परत रिसीव्हवर येतो, आणि समोरून कुणीतरी बारीक सिग्नलने उत्तर देत असतं. पण कान त्या आधीच्या दणक्याने बधिर झालेला असायचा, त्यामुळे त्याच्या कॉलसाइनची, म्हणजे स्टेशनच्या नावाची, पहिली दोन अक्षरं जायचीच. दर वेळी मी परत विचारायचे आणि तो बिचारा परत पाठवायचा. एकदा एक स्टेशन तीनदा कॉलसाइन देऊन निघून गेलं, मी चौथ्यांदा विचारत होते आणि तिकडे कुणी नव्हतंच. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पार्ल्यात आधीच प्रत्येक बिल्डिंगमधल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा कचरा बँडवर, त्यातून कुणाचा तरी ५ वॉटचा सिग्नल पोचतो आणि तो मीच माझ्या आवाजाने घालवायचा.

बंद करून टाक साइडटोन, असं ऑफिसात एकाने सुचवलं. ते होत नाही. न ऐकता हात चालत नाही, डिट-डाचं, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांचं, माप बिघडतं. शिवाय मी स्टेशन ट्यून करते तेच या सुरावर, समोरच्याचा सूर माझ्या ७०० ला जुळला की मी नेमकी त्याच्या फ्रिक्वेन्सीवर.

पहिल्यांदा सोपं तेच केलं, नॅनोच्या पिनेपासून ३८६ पर्यंत १०के (दहा हजार ओहमचा) रेझिस्टर होता तिथे १००के लावला. फरक पडला पण पुरेसा नाही. मग ४७०के. आता व्हॉल्यूम कमी असला की साइडटोन जवळजवळ गायब आणि बारीक स्टेशन ऐकायला व्हॉल्यूम वाढवला की परत बोंब. दोन रात्री याच्यावर डोकं खाल्लं. सर्किट कागदावर परत काढलं तेव्हा दिसलं, मी तो सूर घातला होता ३८६ च्या ३ नंबर पिनेवर, आणि तिथेच व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे फिरवायच्या रेझिस्टरची, मधली पिन येते. पॉट शून्यावर असला की सूर त्याच वाटेने ग्राउंडला जातो, वर केला की वाट बंद. म्हणजे जिथे तो कमी हवा नेमका तिथेच मोठा, रेझिस्टर कितीही बदलला तरी तसाच.

त्यात १ आणि ८ पिनेच्या मध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर आहे. तो नसला तर ३८६ चा गेन २० असतो, लावला की २००. माझ्या रिसीव्हरला तो लागतोच. पण नॅनो काढतो सरळ ५ व्होल्टचा चौकोनी वेव्ह, आणि २०० पट वाढवणाऱ्या आयसीला काही मिलिव्होल्टच पुष्कळ.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नाही. १०के चे दोन प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट), एक जास्तीचा घेतला, १०४ आणि १०३ चे, म्हणजे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरॅडचे, कॅपॅसिटर, थोडे रेझिस्टर, सगळं मिळून वडापाव-चहाच्या हिशोबात बसलं. दुकानदाराने सगळं छोट्या पुडीत बांधून वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दिली, न सांगता.

आता जोडणी. नॅनोच्या पिनेवरून १०के, तिथून १०४ ग्राउंडला, परत १०के, परत १०४ ग्राउंडला. चौकोनी वेव्हमध्ये ७०० च्या जोडीला २१०० हर्ट्झ असतो, एक तृतीयांश ताकदीचा, मग ३५०० आणि पुढचे, कानाला जे टोचतं ते हेच. या दोन पायऱ्यांत ते वरचे सूर खूप जास्त दबतात आणि ७०० कमी दबतो, त्यामुळे उरतो तो गोल, बासरीसारखा सूर. त्यानंतर प्रीसेट, प्रीसेटच्या मधल्या पायावरून १०३, मग २२०के, आणि हे सगळं ३८६ च्या २ नंबर पिनेवर. ती पिन आधी सरळ ग्राउंडला होती, तिची तार तोडून १के मधून ग्राउंड दिलं. त्यामुळे सूर आणि व्हॉल्यूम दोन वेगळ्या दारांनी आत येतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. १०३ आधी घातला नव्हता, तेव्हा प्रत्येक डिटच्या सुरुवातीला टक्क असा ठोका यायचा, कारण की दाबली की डीसी पण उडी मारत होता. तो घातल्यावर ठोका बराच गेला. नॅनोचं ग्राउंड वेगळ्या जाड तारेने सप्लायकडे नेलं तेव्हा मागची बारीक किणकिण पण गेली.

संध्याकाळी सेट अँटेनाऐवजी डमी लोडला जोडला, म्हणजे सिग्नल हवेत न जाता तिथेच जिरतो. तो मीच केलाय, १के चे वीस रेझिस्टर पॅरलल, म्हणजे बरोबर ५० ओहम. आणि बाबांना बोलावलं.

बाबा फोर्टच्या तारघरात होते. त्यांच्याकडे लायसन्स नाही, पण डमी लोडवर की दाबायला काय हरकत. त्यांची तार साउंडरची, त्यात सूर नव्हताच, लोखंडी पट्टी खाली पडल्याचा एक आवाज आणि वर उठल्याचा दुसरा, मधला वेळ मोजून डिट की डा ते कळायचं. पुढे टेलिप्रिंटर आले, आणि १५ जुलै २०१३ ला तर तारच बंद झाली, तेव्हा ते रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. मी हॅम लायसन्सच्या जनरल ग्रेडच्या परीक्षेसाठी मिनिटाला ८ शब्द शिकत होते तेव्हा हातावर बोटाने ठोके देऊन त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मनगटात अजून ते आहे, वय ऐंशीला आलंय तरी.

इयरफोन लावून त्यांनी आपलं नाव पाठवलं, मग आईचं. मग म्हणाले, "अजून कमी कर गं."

मी स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट थोडा फिरवला.

"अजून."

"बाबा, ऐकू येईल का तुम्हाला?"

"तू फिरव की."

माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ खाली गेल्यावर ते थांब म्हणाले. मी इयरफोन घेऊन ऐकलं तर सूर बँडच्या खरखरीच्या थोडासाच वर होता. मी असते तर दुप्पट ठेवला असता. पण की दाबून बघितली आणि हात छान चालला, उलट जरा सावकाश, नीट जागा सोडत.

जेवणं झाल्यावर अँटेना जोडला. गच्चीवरच्या टाकीपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार उतरवलीय, पावसात भिजून लोंबतेय पण काम करते. सीक्यू दिला, की सोडली, आणि खरखरीतून एक बारीक स्टेशन आलं, लगेच, पहिल्या अक्षरापासून. कॉलसाइनची पहिली दोन अक्षरं, व्ही आणि यू, दोन्ही ऐकली. लिहिलं पण, वहीत एका दमात, परत न विचारता. सात-आठ मिनिटं बोलणं चाललं मग सिग्नल बुडत गेला.

झाकण लावायच्या आधी आईकडून नेलपॉलिश मागून प्रीसेटच्या खाचेवर एक ठिपका लावलाय, बाबांनी ठेवला तिथेच. सकाळपर्यंत सुकेल.