गॅस गेलाय म्हणे

फ्रीज बिघडल्याची पहिली बातमी डोशाचं पीठ देतं. रात्री निमूट डब्यात बसलेलं पीठ सकाळी झाकण वर उचलून बाहेर डोकावत असतं. दूध त्यानंतर फाटतं आणि कोथिंबीर त्याच्याही मागाहून मान टाकते. आपण दार उघडतो, आतला दिवा लागलेला बघतो आणि ‘चालू तर आहे’ म्हणून दार लावून टाकतो. दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की सॉकेटात वीज आहे. गारव्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मग घरात कुणीतरी येतं, फ्रीजकडे एक नजर टाकतं आणि निदान सांगून मोकळं होतं : ‘गॅस गेलाय.’

हे निदान इतकं लोकप्रिय का, ते कळतं. स्वयंपाकाचा सिलिंडर महिन्या-दीड महिन्याने संपतो, मग फ्रीजचाही संपत असणार. पण सिलिंडरमधला गॅस जळून जातो; फ्रीजमधला जाळलाही जात नाही आणि खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो, कधी द्रव होऊन तर कधी वाफ होऊन. त्यामुळे तो खरोखरच गेला असेल, तर कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. ही शंका सगळ्यात शेवटी काढायची. आधी हात आणि कान वापरायचे.

हात अशासाठी, की फ्रीज थंडी तयार करतच नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर आणून टाकतो. जुन्या फ्रीजच्या पाठीवर काळी जाळी असायची. आता त्या नळ्या बहुधा दोन्ही कुशींच्या पत्र्याआड असतात. म्हणूनच कूस कोमट लागली की घाबरू नये, हमाल कामावर आहे. कूस गार असेल, तर ओझं उचललंच जात नाही. आणि फारच तापलेली असेल, तर ओझं टाकायला जागा नाही : फ्रीज भिंतीला टेकवलाय, मागे पिशव्या कोंबल्यात, किंवा जाळीवर धुळीची गोधडी साचलीय. मागे वीतभर जागा सोडून ती जाळी मऊ ब्रशने झाडली, की काही फ्रीज तेवढ्यावरच सुधारतात. कोकणात आणि गोव्यात खारी हवा या नळ्या गंजवते, तिथे ही पाठ अधूनमधून बघत राहावी.

आता कान. मागे खाली काळा हंडा असतो, तो कॉम्प्रेसर. त्याची संथ घरघर येत नसेल, तर आधी थर्मोस्टॅटचा, म्हणजे गारवा कमी-जास्त करणारा खटका बघा. आंब्याच्या दिवसांत पातेली सरकवताना तो फिरून शून्यावर जातो आणि कुणालाच पत्ता नसतो. खटका ठीक, पण दर काही मिनिटांनी ‘टक्’, थोडी गुणगुण, पुन्हा ‘टक्’, असं चाललं असेल, तर कॉम्प्रेसर उठायला बघतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा खटका, त्याला खाली बसवतोय. व्होल्टेज फार पडलं असेल तरी असंच होतं. वीज जाऊन लगेच आली तरीही होतं, कारण नळ्यांमधला दाब समान व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. स्टॅबिलायझरमधला ‘डिले’, म्हणजे वीज थोडी उशिरा सोडण्याची सोय, त्यासाठीच. व्होल्टेज बरोबर असूनही टकटक थांबत नसेल, तर प्लग काढून हंड्याच्या कुशीला लावलेला रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला उठवणारा भाग, तपासायचा. पीटीसी जातीचा, म्हणजे आत चकती असलेला रिले काढून कानाशी हलवावा. आत खुळखुळ वाजलं, तर चकती फुटली. तो भाग बराच स्वस्त असतो, पण त्याच्यापायी चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या फ्रीजमध्ये मात्र रिले नसतो, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. तिथे घरच्या माणसाने बोटं घालू नयेत. मेकॅनिकने बोर्ड उघडलाच, तर उबेला येऊन चिकटलेली पाल निघू शकते.

सगळ्यात चकवणारी तऱ्हा दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे आपला बर्फ आपणच वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये दिसते. वर आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली ताक कोमट. इथे गॅसवर संशय घेण्याचं फारसं कारण नाही, वरचा बर्फच त्याची साक्ष देतो. या फ्रीजमध्ये उष्णता एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड उचलली जाते आणि पंखा तिथली गार हवा खाली ढकलतो. कधी या हवेच्या वाटेच्या तोंडाशी मेथीची जुडी आडवी आलेली असते, ती उचलली की झालं. नाहीतर फ्रीझरचं दार उघडून चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा. फ्रीजला दार लागल्यासारखं वाटतं आणि कॉम्प्रेसर चालू असेल तर पंख्याची सरसर ऐकू यायला हवी. आवाजच नसेल, तर पंख्याची मोटर गेली किंवा पाती बर्फात अडकली.

बर्फ का साचतो, ही खरी गोष्ट. टायमर किंवा बोर्ड दिवसातून एक-दोनदा कॉम्प्रेसर थांबवून नळ्यांजवळचा हीटर लावतो. तिथेच एक बायमेटल, म्हणजे तापमानाप्रमाणे आपोआप उघडणारा-मिटणारा खटका असतो, बर्फ वितळला की तो हीटर बंद करतो. शिवाय जादा तापलं तर वितळणारा फ्यूज. टायमर, बायमेटल, फ्यूज, हीटर : एकाने रजा घेतली, की दहिवर साचत जातं आणि हवेची वाट बुजते. याची परीक्षा फुकट आहे. प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर अंथरा आणि २४ तास विसरून जा. मग चालू केल्यावर फ्रीज आठ-दहा दिवस झकास चालून पुन्हा रुसला, तर दोष या चौघांत. मेकॅनिकला तेवढंच सांगा, तो मल्टिमीटर लावून चोर पकडेल.

एका दाराच्या फ्रीजमध्ये ही भानगड नाही. बर्फ बोटभर जाड झाला, की खटक्याच्या मधलं बटण दाबायचं आणि वाट बघायची. वाट बघवत नाही म्हणून सुरी घेणारे लोक गॅसचे खरे शत्रू. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून सुरीचं टोक आरपार जातं, ‘फुस्स’ होतं आणि मग ‘गॅस गेलाय’ हे वाक्य प्रथमच खरं ठरतं.

खऱ्या गळतीची खूण वेगळी. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, कुशी जेमतेम कोमट आणि फ्रीझरच्या नळीवर सुरुवातीच्या टप्प्यातच थोडं दहिवर, पुढे सगळं कोरडं. नळी तुंबली तरी असंच दिसतं, म्हणून पारख मेकॅनिकनेच करावी. त्याने जागा शोधून सांधा जोडावा, फिल्टर नवा घालावा, पंपाने नळ्या निर्वात कराव्यात आणि मग काट्यावर तोलून गॅस भरावा. नुसत्या अंदाजाने भरणाऱ्याला चहा देऊन परत पाठवावं. पाठीवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. तिथे आर-६००ए असेल, तर तो आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्या भावकीतला. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, इथे पन्नासेक ग्रॅम. एवढाशा मापात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी गारवा बिनसतो. पेट घेणारा असल्याने खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास विस्तव नसतानाच त्याचं काम करतात.

दुरुस्ती होईतो दार उघडून ‘गार झालं का’ बघत बसू नये. वीज गेली तरी बंद दाराआड खालचा कप्पा चारेक तास तग धरतो. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसही काढतो. शिजवलेली भाजी, मासे, मटण दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहिलं असेल, तर वास घेऊन निर्णय करू नये, टाकून द्यावं. दूध वेळेत उकळलं तर वाचतं.

डोशाचं पीठ एव्हाना पुरतं आंबलेलं असतं. त्याचे डोसे नीट पसरत नाहीत. कांदा, मिरची बारीक चिरून घ्यावी आणि जाडसर उत्तप्पे घालावेत.