अळू खाजतं, तसं चटणीचं तोंड

शिकागोत नोव्हेंबर लागला की कुंड्या घरात येतात, त्या एप्रिल संपेपर्यंत बाहेर जात नाहीत. तेवढे महिने आम्ही, कुंड्या आणि आमची कुत्री एकाच खोलीत. तिचा रंग थेट आपल्या शेंगाचटणीचा, म्हणून नाव चटणी.

गेल्या महिन्यात तिनं डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचं पान चावलं. काही मिनिटांत तोंडातून लाळेच्या तारा. पंज्यानं सारखं तोंड खाजवायची, पाण्याला शिवेना. माझे हातपाय गळाले.

इथं एएसपीसीए या संस्थेची प्राण्यांच्या विषबाधेसाठी 24 तास चालणारी हेल्पलाइन आहे. फी घेतात, पण शांतपणे सगळं विचारतात. या झाडाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की ते जिभेत घुसतात. ऐकलं आणि आईची अळूवडी आठवली. कच्चं अळू खाजतं, ते ह्याच सुयांनी! मनी प्लांट, पीस लिली, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळूच्याच कुळातली. तोंड ओल्या फडक्यानं पुसा, घसा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा, असं सांगितलं. संध्याकाळी चटणी जेवली.

फोन ठेवताना त्या बाईंनी विचारलं, "घरात सायकस नाही ना?" पामसारखं दिसणारं हे शोभेचं झाड माझ्याकडे नव्हतं. पण जुळे सोलापुरात, आईच्या फाटकाशी आहे. आणि तिथंच मोत्या दुपारभर लोळतो.

सायकसचा प्रत्येक भाग विषारी, बिया सगळ्यात जास्त. त्यातलं सायकॅसिन यकृतावर घाला घालतं. आधी उलट्या होतात, मग दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून उलटी थांबली, आता बरा आहे, असं समजून घरी बसायचं नाही. नर्सरीत ह्यालाही पाम म्हणतात आणि अरेकालाही. अरेका कुत्र्यांना चालतो, सायकस अजिबात नाही. विकत घेताना नाव नीट विचारा.

आईला रात्रीच व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "अगं, काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजू की!" ते मात्र कधीच करू नका. मिठाचीच विषबाधा होते. पानाचा तुकडा नाहीतर फोटो घेऊन सरळ पशुवैद्यांकडे जायचं. कोरफडीनंही उलट्या-जुलाब होतात, तीही वर टांगायला सांगितली. तुळस आणि मोगरा आहेत तिथंच राहू देत.

अडलं कण्हेरीपाशी. सोलापूरच्या उन्हात पाण्यावाचून तग धरणारं झाड, त्यात महादेवाला रोज फुलं लागतात. कण्हेरीचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, वाळलेल्या पानातही ते उरतं. "मग देवाला काय वाहू?" आईचा आवाज जरा चढला. झाड तोड म्हणायची माझी छाती झाली नाही.

आता तिनं कण्हेरीभोवती जाळी लावून घेतलीय. फुलांचं निर्माल्य झाकणाच्या डब्यात जातं, छाटलेल्या फांद्या गोणीत बांधून घंटागाडीत. सायकस मात्र गेलं. त्या जागी आईनं मोगऱ्याची कुंडी ठेवलीय, आणि मोत्या आता तिला पाठ लावून झोपतो.