तुम्ही विचारलंत म्हणून: तलवार तुटली, आता काय?

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' नव्याने खेळायला घेतलेले लोक मला एकच प्रश्न विचारतात, फक्त शब्द वेगवेगळे असतात. "तलवार सारखी तुटते, दोन-तीन फटक्यांत जीव जातो आणि जायचं कुठे ते गेम सांगतच नाही. सुरुवातीला नेमकं करायचं काय?" या गेमवर माझा फार जीव आहे, त्यामुळे माझं उत्तर दर वेळी लांबतं. म्हणून ते एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: निन्टेन्डोचा हा गेम मार्च २०१७ मध्ये स्विच आणि वी यू या कन्सोलवर आला. लिंक नावाचा योद्धा शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो. हायरूलचं राज्य उद्ध्वस्त झालंय आणि राजवाड्यात गॅनन हा मुख्य खलनायक ठाण मांडून बसलाय. तुमच्यापाशी तीन हार्ट (म्हणजे हेल्थ), अंगावर जुनेपाने कपडे, आणि हत्यार म्हणाल तर वाटेत सापडलेली झाडाची फांदी. तिथून पुढे तुमचं तुम्ही बघायचं.

आधी त्या तुटणाऱ्या तलवारीचा हिशोब मांडू, कारण बाकीचं बरंच त्यातूनच निघतं. सुरुवातीला हाती लागणारी ट्रॅव्हलर्स सोर्ड घ्या. तिची ताकद ५ आहे आणि साधारण २० फटके मारले की ती तुटते. बोकोब्लिन हे जागोजागी छावण्या करून राहणारे छोटे राक्षस, रंगानुसार कमी-जास्त तगडे. लाल बोकोब्लिनची हेल्थ १३, म्हणजे तो तीन फटक्यांत आडवा. निळ्याची ७२. त्याला पंधरा फटके लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खी तलवार त्याच्या एकट्यावर गेली. काळ्याची २४०. त्याच्यासाठी अशा दोन तलवारी संपवून तिसरी उपसावी लागते. आणि काळ्याच्या हातात शस्त्रही चांगलं असतं, म्हणजे तोवर तुम्ही तग धरणं अवघडच.

समोरासमोर उभं राहून बटणं दाबत सुटणं हा या गेममधला सगळ्यात महाग मार्ग आहे, हे एवढ्या आकड्यांवरूनच कळतं. आता तोच निळा बोकोब्लिन पाठमोरा बसलाय आणि त्याला तुमचा पत्ता नाही, असं धरा. डावी स्टिक दाबून खाली वाका, हळूहळू मागून जा, अगदी जवळ पोचल्यावर वाय दाबा. हा स्नीकस्ट्राइक. यात फटक्याची ताकद आठपट होते. ५ च्या तलवारीचे ४० झाले, उरलेल्या ३२ साठी सात फटके. पंधराचं काम आठांत झालं, आणि त्यातला पहिला खाऊन तो सावरेपर्यंत तुम्ही पुढचे मारायला लागलेले असता.

म्हणून छावणी दिसली की धावत आत शिरू नका. जवळचा उंच खडक गाठा, उजवी स्टिक दाबून दुर्बीण लावा आणि बघा. मचाणावर पहारेकरी आहे का? त्याच्याकडे शिंग असेल तर तो फुंकून सगळ्यांना उठवणार, म्हणजे पहिला बाण त्याला. डोक्यात बसलेला बाण दुप्पट लागतो. लाल रंगाची पिंपं दिसतात का? ती स्फोटकं. बाणाचं टोक शेकोटीत धरलंत तर बाण पेटतो, आणि पेटता बाण पिंपावर गेला की निम्मी छावणी साफ, तलवार म्यानातच. आसपास लोखंडी पेटी पडलीय? मॅग्नेसिस या चुंबकासारख्या शक्तीने उचला आणि त्यांच्या डोक्यावर आपटा. उतारावर मोठा गोल दगड आहे? तो तिथे उगीच ठेवलेला नसतो. ढकला.

रात्री तर आणखी मजा. बोकोब्लिन झोपतात आणि त्यांची शस्त्रं बाजूला पडलेली असतात. वाकून जा, आधी शस्त्रं उचला, मग हल्ला करा. जागे झालेले बोकोब्लिन शस्त्राकडे धावतात, ते जागेवर नसतं, मग नाइलाजाने दगड उचलून फेकायला लागतात. तुम्हाला फुकटात हत्यारं मिळाली आणि लढाईही सोपी झाली. दिवस असेल तर शेकोटीपाशी बसून रात्रीपर्यंत वेळ पुढे ढकलता येतो. फक्त रात्री उघड्या माळावर जमिनीतून सांगाडे उठतात, तेवढं ध्यानात असू द्या.

तलवार तुटायची वेळ झाली की गेम तशी सूचना देतो आणि यादीत ती लाल लुकलुकायला लागते. अशी तलवार तशीच चालवत राहू नका. आर दाबून धरा, नेम धरा, फेका. तुटणारा फटका दुप्पट ताकदीचा असतो, तेव्हा तो नेमका मोठ्या शत्रूच्या वाट्याला जाऊ द्या. लाकूडतोड, खाणकाम यासाठी चांगली तलवार वापरू नका. झाडाला कुऱ्हाड, खनिजाच्या दगडाला हातोडा किंवा रिमोट बॉम्ब. बॉम्ब कधीच संपत नाहीत.

एवढं करूनही समोरासमोर लढायची वेळ येतेच. त्यासाठी तीन हालचाली हव्यात, आणि त्या शिकायची जागा गेमनेच ठेवलीय. काकारिको गावाच्या वर टेकाडावर जे श्राइन (कोडी-आव्हानांची छोटी जागा) आहे, तिथे एक यांत्रिक शत्रू तुम्हाला त्या एकेक करून शिकवतो. झेड-एल धरून शत्रूवर नजर बांधायची. वार वरून खाली येत असेल तर बाजूला उडी, आडवा येत असेल तर मागे कोलांटी. अगदी शेवटच्या क्षणी उडी मारलीत तर जग संथ होतं आणि वाय दाबून सलग फटके घालता येतात, त्याला फ्लरी रश म्हणतात. नवे लोक उडी घाईने मारतात. शत्रूने हात उचलला की उडी, असं होतं. हात उचलल्यावर थांबा. शस्त्र तुमच्याकडे यायला निघालं की उडी मारा. प्रत्येक शत्रूचा हात उचलणं आणि वार करणं यातला वेळ वेगळा असतो, म्हणून पहिले एक-दोन वार नुसते बघण्यात घालवले तरी चालतात. भाला लांबून येतो. मोठी दुहाती कुऱ्हाड उचलायला वेळ घेते, म्हणून नवशिक्यासाठी मॉब्लिन हा बोकोब्लिनहून उंच राक्षस चांगला गुरू.

तिसरी हालचाल ढालीची. झेड-एल धरून ऐन वेळी ए दाबलं की वार परतवला जातो. याची खरी गंमत गार्डियनपुढे, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्रांपुढे कळते. ग्रेट प्लॅटोवर, म्हणजे जिथे गेम सुरू होतो त्या पठारावर, पूर्वेकडच्या पडक्या अवशेषांत जमिनीत रुतलेले गार्डियन आहेत. ते जागचे हलू शकत नाहीत, त्यामुळे सरावाला याहून बरी जागा नाही. तुमच्या अंगावर लाल ठिपका येतो. टिकटिक सुरू होते आणि वाढत जाते. मग गार्डियनच्या डोळ्यापाशी लखकन चमक होते, आणि त्याच क्षणी ए. किरण उलटा त्याच्यावरच जातो. टिकटिक कितीही वाढू दे, ती ऐकून बोट हलवू नका, चमकेची वाट बघा. वेळ बरोबर साधली तर साध्या भांड्याच्या झाकणानेही किरण परततो, आणि झाकणाला ओरखडासुद्धा येत नाही. सराव करण्याआधी गेम हाताने सेव्ह करा. आपोआप होणाऱ्या सेव्हवर विसंबू नका.

आता "जायचं कुठे". पठारावरची चार श्राइन करा, चारही शक्ती आणि पॅराग्लायडर घ्या, हे तर करावंच लागतं, त्याशिवाय तिथून खाली उतरता येत नाही. नंतर पूर्वेला ड्यूलिंग पीक्स या दुभंगलेल्या डोंगराकडे आणि तिथून काकारिकोला जा. गेम तुम्हाला अडवत नाही, थेट गॅननकडेही जाता येतं, पण काकारिकोची वाट पकडण्यात फायदे आहेत. गावाच्या अलीकडे रस्त्यावर हेस्टू नावाचा झाडासारखा प्राणी भेटतो आणि कोरोकच्या (जगभर लपलेल्या छोट्या वनजीवांच्या) बिया घेऊन शस्त्रांसाठी जागा वाढवून देतो, पहिली जागा तर एकाच बीला. गावात पावलांचा आवाज कमी करणारे कपडे मिळतात. ते महाग आहेत, पण मघाचा आठपटीचा हिशोब आठवा. मी तर रुपी (गेममधले पैसे) जमले की आधी तेच घ्यायला सांगते. गावाच्या वर जंगलात ग्रेट फेअरी आहे. १०० रुपी दिले की ती कपड्यांची संरक्षणशक्ती वाढवायला लागते. तिच्या झऱ्याभोवती छोट्या पऱ्या उडतात. वाकून पकडा, जवळ ठेवा. तुम्ही मेलात की ती परी तुम्हाला उठवते.

टॉवर चढलात की त्या भागाचा नकाशा भरतो, पण श्राइन कुठे, छावण्या कुठे हे तो दाखवत नाही. म्हणून टॉवरवरून लगेच उडी टाकू नका. वर उभं राहून दुर्बिणीने चौफेर फिरा आणि जे वेगळं दिसेल त्यावर पिन लावा. एका वेळी पाच पिना लागतात आणि लांबूनही त्यांचे रंगीत झोत दिसतात. केशरी प्रकाश म्हणजे न उघडलेलं श्राइन. शिखरावर एकटाच दगड, गोलात मांडलेल्या दगडांत एक कमी, असलं काही दिसलं की तिथे बहुधा कोरोक लपलाय. ९०० कोरोक आहेत. सगळे शोधायच्या मागे लागू नका, सगळ्या जागा वाढवायला ४४१ बिया पुरतात आणि सुरुवातीला दहा-बाराही भरपूर आहेत.

या गेमच्या निर्मात्यांनी सांगितलंय की इथली जमीन त्यांनी त्रिकोणी आकारांवर बेतली आहे. मला हे फार आवडतं. समोर टेकडी आली की दोन पर्याय, चढा किंवा वळसा घाला. आणि टेकडीमागे काय आहे ते वळसा घेईपर्यंत दिसत नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक टेकडीमागे काहीतरी ठेवलेलं असतंच. रस्त्याने घोड्यावरून भरधाव जाणाऱ्याचं ते राहून जातं. पहिले काही तास चालत फिरा.

चढताना खालूनच कडा नीट बघून घ्या. जिथे लिंकला पाय टेकून उभं राहता येईल अशा सपाट कडेवर स्टॅमिना पुन्हा भरतो, त्यामुळे अशा कडा हेरून टप्प्याटप्प्याने चढायचं. उड्या मारत चढलं की स्टॅमिना भराभर संपतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात पुढच्या हवामानाचा अंदाज असतो, तो बघायची सवय लावा. पावसात कडा निसरडा होतो आणि लिंक घसरत राहतो, तेव्हा आडोसा बघून थांबलेलं बरं. वादळात अंगावरच्या लोखंडी वस्तूंतून ठिणग्या उडायला लागल्या की ताबडतोब त्या काढा, वीज पडणार आहे. किंवा तीच तलवार शत्रूंच्या घोळक्यात फेका आणि लांब पळा.

स्वयंपाकाचे नियम लक्षात ठेवायला सोपे आहेत. ज्या पदार्थाच्या नावात हार्टी आहे तो एकटाच शिजवा. एकाच तुकड्यात सगळे हार्ट भरतात, वर पिवळे जादा मिळतात. दोन वेगवेगळे गुण एकाच भांड्यात घातलेत तर दोन्ही जातात. थंडीच्या भागात जायचं तर मिरच्या शिजवून न्या.

आता एक नेहमीचा वाद. श्राइन पूर्ण केल्यावर मिळणारे चार स्पिरिट ऑर्ब देऊन हार्ट घ्यायचं की स्टॅमिना? माझं मत स्टॅमिना, निदान पहिल्या काही वेळा तरी. हार्टची उणीव शिजवलेल्या अन्नाने आणि पऱ्यांनी भरून निघते. स्टॅमिना मात्र जग उघडतो: जास्त उंच चढता, जास्त लांब तरंगता, आणि त्यामुळे जास्त श्राइन सापडतात. ज्यांना लढाईची फारच धास्ती वाटते त्यांनी एखादं हार्ट आधी घ्यावं, हरकत नाही.

काकारिकोनंतर झोरा या माशांसारख्या जमातीच्या मुलखात जा. वाट खडतर आहे, पण तिथला डिव्हाइन बीस्ट (प्राण्याच्या आकाराचं अजस्र यंत्र) मुक्त केलात की मिफा या झोरा राजकन्येची शक्ती मिळते. तुम्ही मेलात की ती तुम्हाला पूर्ण हेल्थवर उठवते आणि काही वेळाने पुन्हा तयार होते. त्या कामासाठी तुम्हाला एका डोंगरावर वीस शॉक ॲरो (विजेचे बाण) गोळा करायला पाठवतात. तिथे अर्धा घोडा, अर्धा सिंहमुखी राक्षस असा लायनेल फिरत असतो. त्याच्याशी लढू नका. खडकांच्या आड राहा, त्याची पाठ वळली की झाडांत रुतलेले बाण काढा. विसावा बाण हातात आला की पॅराग्लायडर उघडून कड्यावरून खाली झेपावा. लायनेलसाठी नंतर कधीतरी परत या, फ्लरी रश हातात बसल्यावर.